वरचा कॉम्प्युटर, खालचा लॅपटॉप

आमच्या पप्पांचा कशावर विश्वास असेल तर तो तारेवर. देवाचा प्रश्न आमच्या घरात आजोबांच्याच काळात निकालात निघाला होता. नशीब वगैरे ते मानत नाहीत. आणि वायफायचं नाव काढलं की असं तोंड करतात, जणू नात्यातल्या एखाद्या थापाड्याचा विषय निघाला. "जे दिसतच नाही ते दुरुस्त कसं करणार, बेटा?" हा त्यांचा प्रश्न. "तार दिखती है, तो फॉल्ट भी दिखता है."

पप्पा म्हणजे शंकरराव तायडे, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले टेक्निशियन. आजोबा महूच्या पलटणीत होते. पाठीवर तारेचं भेंडोळं घेऊन धावायचं, हे त्यांचं काम. पप्पांचा जन्म तिथल्या क्वार्टर्समधला. त्यामुळे तार आमच्याकडे वारशाने आली असं म्हणायला हरकत नाही. दुसऱ्यांकडे जमीन येते, आमच्याकडे पकड, टेस्टर आणि काळ्या टेपची गुंडाळी आली.

पाटनीपुऱ्याच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर छोटंसं आहे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. पण त्या एवढ्याशा घरात पप्पांनी जेवढ्या तारा फिरवल्या आहेत, तेवढ्या एखाद्या सरकारी कचेरीत नसतील. भिंतींच्या कडेने पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांत तारा, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला पप्पांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. जुनी तार काढायची नाही हा त्यांचा नियम. नोकरीत शिकलेला. नवी लाइन पक्की झाल्याची खात्री पटेपर्यंत जुनी जिवंत ठेवायची. ही खात्री त्यांची बहुधा कधीच पटत नसावी, कारण घरातली एकही जुनी तार आजवर निघालेली मला आठवत नाही.

दुसरा नियम असा की, लाइनीला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना माणूस लागतो. एका टोकाला पप्पा. दुसऱ्या टोकाला, लग्न झाल्यापासून, आई.

आई, म्हणजे दुर्गा तायडे, हिंदी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. दिवसभर पोरांना ओरडून घरी यायची, पदर खोचून स्वयंपाकाला लागायची, आणि पप्पा गच्चीवरून तिच्या हातात काळा रिसीव्हर सोडायचे. ती तो मान आणि खांद्यात धरून पोळ्या लाटायची.

"साऊंड आ रही है क्या, मास्टरनी जी?"

"येतेय. आणि माझी पोळी करपतेय."

"पोळीचं सोडा. खरखर आहे का?"

"तुमच्या आवाजात आहे. लाइनीत नाही."

हे संवाद ऐकत मी आणि माझा धाकटा भाऊ ज्ञानदीप मोठे झालो. लोकांच्या आईवडिलांची भांडणं समोरासमोर होतात. आमच्याकडे बरीचशी तारेतून झाली.

गल्लीत सगळ्यात आधी फोन आमच्याकडे आला. मग काय, सगळ्या गल्लीचे फोन आमच्याकडे. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची लेक बाळंतपणाला सांवेरला. फोन आला की आई दारात उभी राहून हाक मारायची. तिला चालत जाऊन सांगावं लागायचं नाही, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पोहेवाल्याच्या ठेल्यापर्यंत तिची हाक जायची. पोहेवाले भिया पुढच्याला सांगायचे, "सुन लो, मास्टरनी ने बुलाया है." आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि कुणी कुणाला हाक मारत नाही. गल्ली तीच आहे, पण मला ती मुकी झाल्यासारखी वाटते. मी हे बोलले की माझी मुलगी डोळे फिरवते. फिरवू दे.

आईचा आवाज असा असण्याचं कारण संताजीमामा. मामा आईचा मोठा भाऊ. महूला त्यांची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, लग्नात, बारशात, जिथे बोलावतील तिथे ही मंडळी पेटी-ढोलकी घेऊन हजर. मामा गाणी स्वतः लिहायचे आणि स्वतः गायचे. इकडची माणसं अर्धी हिंदीवाली, म्हणून एक कडवं मराठीत गायचं आणि त्याचा अर्थ हिंदीत सांगायचा, असा त्यांचा रिवाज होता. आई मागे कोरसमध्ये, पेटीवर मामांचा पोरगेला शागीर्द धम्मपाल. आणि पप्पा? पप्पा माईकवाले. सांवेरकडच्या खेड्यांत सोयाबीनच्या शेताकडेला मंडप पडला की खांबावर कर्णे चढवायचे, तारा जोडायच्या, आणि सगळं सुरू झालं की कोपऱ्यात बसून आपल्या टेपरेकॉर्डरवर कार्यक्रम उतरवून घ्यायचा. लग्नही तिथेच जुळलं. आईचं म्हणणं, यांनी मुद्दाम माझ्यासमोरच्या माईकचा आवाज वाढवला, म्हणून मी कोरसमधून वेगळी ऐकू आले आणि दादाचा ओरडा खाल्ला. पप्पा म्हणतात, मशीनच तशी होती. मशीनवर एवढा आळ पप्पांनी आयुष्यात दुसऱ्यांदा घेतलेला नाही.

तर त्या कार्यक्रमांच्या कॅसेटी. खोकी भरून. पप्पा निवृत्त झाले तशी त्यांनी त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवायला घेतल्या. वरच्या खोलीत जुना कॅसेट डेक, त्यातून निघालेल्या, स्वतः डाग दिलेल्या तारा, आणि तारांच्या शेवटी एक जाडजूड कॉम्प्युटर. अर्थात तारेने इंटरनेटला जोडलेला. दुपारची जेवणं झाली की दोघं वर जायची. पप्पा कॅसेट लावायचे आणि आई नावं सांगायची. कारण कॅसेटींवरची अक्षरं कधीच उडाली होती, वेष्टनं एकमेकांत मिसळली होती, आणि कोण गातंय हे ओळखणारं माणूस आता एकच उरलं होतं. एक्स्चेंजमध्ये वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून पप्पांचे कान मंद झालेले. आई मात्र ढोलकीची थाप ऐकून वाजवणाऱ्याचं नाव सांगायची. मी सुट्टीच्या दिवशी गेले की खालून त्यांची कुजबुज ऐकू यायची. मधेच गाणं, मधेच आईचं हसणं. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं, तिथेच जिन्यात बसून ऐकायला हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात आई मोरीपाशी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर खूश, आम्हीही खूश. पण घरी आल्यावर आईने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. वॉकर पलंगाशी उभा. व्यायाम करून घेणाऱ्या शुभदाताई रोज यायच्या, गोड बोलायच्या, दटावायच्या. आई पाय हलवायची, उठायची मात्र नाही. "दुखतंय," म्हणायची. नंतर नंतर तेही म्हणेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आत्ता उठल्या नाहीत तर मग उठणं कठीण आहे, स्नायू बसतील आणि माणूस पलंगाचं होऊन जाईल. मी ऑफिसातून रजा टाकून माहेरी येऊन राहिले होते. त्या रात्री मी खूप रडले. मला माझी ती दारात उभी राहून गल्ली हलवणारी आई हवी होती.

आम्ही सगळे तिला जपत होतो. पप्पा एकटेच जपत नव्हते. त्यांनी तिला काम द्यायचं ठरवलं.

आधी त्यांनी पेन ड्राइव आणला. वर गाणं उतरवायचं, पेन ड्राइववर घ्यायचं, खाली आणायचं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर आईला ऐकवायचं, तिने नाव सांगितलं की वर जाऊन लिहायचं. पुन्हा वर, पुन्हा खाली. पप्पांच्या हृदयात स्टेंट आहे आणि जिना कमीत कमी चढा असं त्यांना बजावलेलं आहे. एकदा मधल्या पायरीवर धापा टाकत बसलेले दिसले. मी पेन ड्राइव काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला.

"कॉम्प्युटरच खाली आणू ना मग," मी म्हटलं.

"हलवला की डेकमध्ये घुंऽऽ आवाज येतो. महिनाभर लागला होता तो घालवायला."

"मग मी व्हॉट्सॲपवर पाठवत जाते."

"इथून गाणं अमेरिकेला पाठवायचं आणि तिथून खालच्या खोलीत आणायचं? अरे भिया, मधे एक छत तर आहे!" पप्पांनी हात झटकला. "आपसमें जोडो. वरचं फोल्डर खाली दिसलं पाहिजे. ती तिथे बसून ऐकेल आणि तिथूनच नाव लिहील."

बोलणं बरोबर होतं. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांनी पुढे आमच्या नाकी नऊ आणले.

वरच्या कॉम्प्युटरवर मी गाण्यांचं फोल्डर शेअर केलं. खाली आईच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला, नेटवर्क उघडून दाखवलं आणि वर गेले.

"दिसलं का?" पप्पा जिन्याच्या तोंडाशी.

"नाही," खालून आईचा बारीक आवाज.

"आता?"

"नाही हो. राहू द्या. मला काय करायचंय आता ऐकून."

ते "राहू द्या" ऐकलं की पप्पांचा चेहरा उतरायचा. लाइनीचं दुसरं टोक गळून पडत होतं आणि त्यांना ते कळत होतं. ते माझ्याकडे वळून म्हणायचे, "फिर से देख, बेटा."

संध्याकाळी पुण्याहून ज्ञानदीपचा फोन आला. तो कॉम्प्युटरमधलाच इंजिनियर. त्याच्याशी पप्पा जरा अदबीने बोलतात, जसं वरच्या साहेबांशी बोलावं. त्याने सांगितलं की दोन्हीकडे नेटवर्क 'पब्लिक' आहे का बघा, तसं असेल तर मशिनी स्वतःला लपवतात, रेल्वे स्टेशनवर आपण पाकीट लपवतो तसं. बघितलं, तसंच होतं. दोन्हीकडे 'प्रायव्हेट' केलं. तरी आईला काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गंमत लक्षात आली. वर बसून मी खालच्या लॅपटॉपचा नेटवर्कवरचा नंबर टाकून हाक मारली, तर त्याचं उत्तर आलं. खालून वरच्याला हाक मारली, तर शुकशुकाट. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी पप्पांना सांगितलं, "वरून खाली पोचतंय. खालून वर पोचत नाही."

पप्पा ताठ बसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "वन-वे स्पीच!"

टेलिफोनमधला हा जुना फॉल्ट. एका बाजूचं ऐकू जातं, दुसऱ्या बाजूचं जात नाही. मग त्यांनी मला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळच्या केबलची गोष्ट सांगितली. नदीचं पाणी चढलं, खड्ड्यातली केबल भिजली, आणि बाजारातल्या एका लग्नघरी वरमाईला व्याह्यांचं ऐकू येई, व्याह्यांना हिचं नाही. व्याह्यांना वाटलं बाई रुसल्या, बोलत नाहीत. लग्न मोडायला आलं होतं. पप्पा गुडघाभर चिखलात उभे राहून सांधा जोडून आले तेव्हा कुठे अक्षता पडल्या. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकते आहे आणि दर वेळी नदीचं पाणी थोडं वाढलेलं असतं. पण त्या दिवशी मी मध्ये बोलले नाही. पप्पा पुन्हा पप्पांसारखे दिसत होते.

"एकतर्फी फॉल्ट म्हणजे तार तुटलेली नाही," ते म्हणाले. "मधे कुणीतरी अडवतंय."

ज्ञानदीपला दोन्ही मशीनचे नंबर वाचून दाखवले आणि तो फोनवरच हसायला लागला. "पप्पा, तुम्ही जुना राउटर काढला नाही ना?"

नाही काढला. कसा काढतील? गेल्या वर्षी नवं फायबर आलं तेव्हा त्याचा नवा डबा खाली दाराशी बसला. वायफाय त्याचं. वरच्या खोलीत पप्पांचा जुना डबा होता, ज्यातून त्यांच्या साऱ्या तारा निघत. पप्पांनी नव्या डब्यातून एक केबल वर नेली आणि जुन्या डब्यात खोचली. झालं! नवं आलं, जुनंही जिवंत राहिलं.

"तिथेच तर घोटाळा आहे," ज्ञानदीप म्हणाला. "नव्या डब्याने खाली एक मोहल्ला वसवलाय. जुन्याने वर दुसरा. जुना डबा दारावर पहारेकऱ्यासारखा बसलाय. आतल्यांना बाहेर जाऊ देतो, बाहेरच्यांना आत घेत नाही. आई बाहेर राहिलीय. काढून टाका तो डबा, पप्पा."

"नाही निघणार," पप्पा म्हणाले.

"पप्पा, प्लीज!"

"नवा डबा लाइट गेली की मरतो. कंपनीची माणसं फोन उचलत नाहीत. जुन्याने मला आजपर्यंत धोका दिलेला नाही. नहीं मतलब नहीं."

बाप-लेकाची चांगलीच जुंपली. एकीकडून इंग्रजी, एकीकडून हिंदी, मधे मी मराठीत ओरडतेय. खालून आईचा आवाज आला, "माझ्यामुळे भांडू नका. मला नकोय ते." पप्पा खुर्चीत बसले आणि जुन्या डब्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन हातात घेतला.

"दीपू, असं काही करता येईल का की हा राहील, पण पहारा देणार नाही?"

"येईल की," ज्ञानदीपचा आवाज मऊ झाला. "त्याला नंबर वाटायचं काम बंद करायला सांगायचं. आणि केबल त्या निळ्या सॉकेटातून काढून शेजारच्या पिवळ्या सॉकेटात लावायची. मग तो नुसता तारांचा चौक. नंबर सगळ्यांना खालचा डबा देईल. मोहल्ला एकच."

मी सेटिंग बदललं. केबल पप्पांनीच काढली आणि पप्पांनीच लावली. निळ्यातून काढताना क्षणभर थांबले, तेवढंच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी खाली धावले. आईच्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये पप्पांचा कॉम्प्युटर उगवला होता. त्यावर टिचकी मारली तर पासवर्ड विचारला. मी वर ओरडून विचारलं, पप्पांनी वरून ओरडून सांगितला, आईने "काय?" म्हणून पुन्हा विचारायला लावला, आणि पप्पांचा गुप्त पासवर्ड गल्लीत सगळ्यांना पाठ झाला.

फोल्डर उघडलं. ओळीने गाणी.

"आली का?" वरून.

"आली," मी म्हटलं. आईने लॅपटॉप बाजूला सारला नाही.

पुढचे काही दिवस ती पडल्या पडल्या ऐकायची. तोंड भिंतीकडेच, पण उशीवरचं बोट ताल धरायचं. वर पप्पा नवनव्या कॅसेटी उतरवत होते आणि आपल्याला समजतील तशी नावं टाकत होते. आई चुकीचं असलं तरी दुरुस्त करायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "करू दे त्यांना काय करायचंय ते." शुभदाताई आल्या की पाय हलवायची आणि पुन्हा आडवी. मला वाटायला लागलं, एवढा खटाटोप केला आणि हाती काही लागलं नाही. पप्पा मात्र रोज सकाळी आंघोळ करून, ड्युटीवर जावं तसे वर जाऊन बसत. तिला रोज नवीन काहीतरी मिळालं पाहिजे, एवढंच म्हणत.

एके दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होते. आतून गाणं ऐकू येत होतं. पुरुषाचा तरुण, जरासा कापरा आवाज, मागे बायकांचा कोरस. शेवटचं कडवं आलं. आमच्याकडच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात नाव गुंफायची रीत आहे. त्यातही आलं, 'संताजी म्हणे' असं काहीतरी. गाणं संपलं. पुन्हा पहिल्यापासून लागलं. पुन्हा संपलं.

"हे काय लिहून ठेवलंय!"

आईचा आवाज. बारीक नाही, मोठा.

"काय झालं गं?" मी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"'संताजी, सांवेर.' हा दादा आहे? हा दादा वाटतो यांना?"

"बदल की मग तू नाव. कसं बदलायचं दाखवलंय ना तुला?"

थोडा वेळ टकटक आवाज आला. आणि मग आई अशी कडाडली की माझ्या हातातला झारा खाली पडला.

"परवानगी नाही म्हणतोय! मला? मला परवानगी नाही?"

चूक माझी होती. शेअर करताना मी फक्त वाचायची मुभा ठेवली होती, लिहायची द्यायला विसरले होते. इतक्या दिवसांत आईने एकही नाव बदलायला घेतलं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी हात धुवायला वळले. तोवर आईने पप्पांना हाका मारायला सुरुवात केली होती. पप्पांच्या कानांवर हेडफोन. त्यांना कुठलं ऐकू यायला?

मग वॉकरचा ठक्क आवाज झाला. पुन्हा ठक्क. मी दारात आले आणि तिथेच खिळले. आई खोलीतून बाहेर आली होती. केस मोकळे, पदर कसाबसा खांद्यावर, चेहरा लालबुंद. जिन्यापाशी आली, वॉकर बाजूला ढकलला, आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिली. मी पुढे झाले नाही. मला भीती वाटत होती की मी हात लावला तर तिला आठवेल, आपल्याला उभं राहता येत नाही.

"अहो!"

ती हाक पोहेवाल्यापर्यंत गेली असणार. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"खाली येऊ नका! तिथूनच ऐका!" आई ओरडली. "सांवेरचं ते गाणं दादाचं नाही! धम्मपालचं आहे!"

वरून पप्पांचा गोंधळलेला आवाज आला, "अगं पण शेवटच्या कडव्यात तर संताजी..."

"ते लिहिणाऱ्याचं नाव असतं! एवढी वर्षं माईक धरला, एवढं नाही कळलं? लिहिलं दादानं. गायलं धम्मपालनं. दादाला जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा. मी मागे कोरसमध्ये होते. रडू आवरत नव्हतं मला, सूर सुटत होता, आणि हा पोरगा माझ्याकडे बघून पुढचं कडवं उचलत होता." तिला धाप लागली होती, पण थांबायचं नाव नाही. "दादाची पार्टी बंद नहीं होने दी उसने. गावोगाव दादाची गाणी गात फिरला आणि स्वतःचं नाव एकातही नाही घातलं. अब आप भी मिटा दो उसको!"

पप्पा जिन्याच्या वरच्या टोकाला आले. हेडफोन गळ्यात लोंबत होता. त्यांना वाटलं असणार, आवाज खोलीतून येतोय. खाली बघितलं आणि त्यांना आई दिसली, उभी असलेली. ते हळूच वरच्या पायरीवर बसले, चष्मा काढला, आणि गुडघ्यांत तोंड घातलं. पप्पांचे खांदे हलताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आईने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. कठडा तिने सोडला नव्हता.

"आधी त्याचं नाव लिहा," ती म्हणाली. "रडायचं ते मग रडा."